आडनावातला ‘ळ’ हरवतो तेव्हा : रायपूरच्या मराठी घराण्यांचे मूळ कसे शोधतात?

रायपूर : छत्तीसगढच्या राजधानीतील ब्राह्मणपारा ही जुन्या शहराची वस्ती. छत्तीसगढीत ‘पारा’ म्हणजे मोहल्ला. या भागात आणि जवळच्या तात्यापाऱ्यात मराठी कुटुंबांच्या अनेक पिढ्या नांदल्या. त्यांतील कित्येक घरांत आता हिंदी किंवा छत्तीसगढी बोलली जाते. मराठीपणाची ठळक खूण म्हणून आडनावच उरले आहे. ते आडनाव दुर्मीळ असेल आणि मूळ गाव सांगणारे कोणी वडीलधारे नसेल, तर शोध कोठून सुरू करायचा, हा प्रश्न उभा राहतो. वारसाहक्क आणि जातीचा दाखला यांसारख्या व्यवहारांतही पूर्वजांच्या नोंदी लागत असल्याने हा प्रश्न केवळ कुतूहलाचा राहत नाही.

शोधाची पहिली पायरी म्हणजे कुटुंब छत्तीसगढमध्ये कोणत्या काळात आले, हे ठरविणे. मराठी माणसे येथे एकाच वेळी आली नाहीत. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्करराम कोल्हटकर यांनी रतनपूरवर स्वारी केली. पुढे १७५८ ते १७८७ या काळात बिंबाजी भोसले यांनी रतनपूरहून राज्य केले. त्या काळात कारभारात मराठी भाषा आणि मोडी लिपी रुजली. १८१८ मध्ये इंग्रज अधीक्षकाने कारभाराचे मुख्य ठाणे रतनपूरहून रायपूरला हलविले. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले आणि १८६१ मध्ये मध्य प्रांताची स्थापना झाली. त्यानंतर कारकुनी, शिक्षकी, वकिली अशा निमित्तांनी विदर्भातून नवी कुटुंबे आली; १८८८ च्या सुमारास रेल्वे पोहोचल्यावर हा प्रवास आणखी सुलभ झाला. यांपैकी कोणत्या लाटेत पूर्वज आले, त्यावर कोणत्या दप्तराकडे वळायचे हे अवलंबून असते. १९५६ पर्यंत रायपूरचा कारभार नागपूर राजधानीशी जोडलेला होता. त्यामुळे जुन्या कागदांचा माग अनेकदा नागपूरकडे जातो.

दुसरी पायरी आडनावाच्या घडणीची. ‘कर’ने संपणारे आडनाव बहुधा गावाकडे बोट दाखविते, कुलकर्णी, देशमुख, चिटणीस ही हुद्द्यांवरून आलेली नावे आहेत. मात्र ही केवळ दिशा असते, पुरावा नव्हे. पेंड्रा येथून १९०० मध्ये सुरू झालेल्या ‘छत्तीसगढ मित्र’ या हिंदी मासिकाचे उदाहरण बोलके आहे. माधवराव सप्रे व रामराव चिंचोलकर हे त्याचे संपादक, तर वामन बळीराम लाखे प्रकाशक होते. तिन्ही आडनावे मराठी आहेत. चिंचोलकर हे नाव चिंचोलीकडे नेते खरे. पण महाराष्ट्रात चिंचोली नावाची गावे अनेक आहेत. त्यातली नेमकी कोणती, हे आडनाव सांगू शकत नाही. रायपुरात तर उलट प्रवासही घडला. वामनराव लाखे यांच्या आडनावावरून शहरातील एका भागाला लाखेनगर हे नाव मिळाले. गावावरून आडनाव येते, तसे आडनावावरून वस्तीचे नावही येते.

आडनाव एका पिढीत बदलूही शकते. गोव्यातील मंगेशीच्या मास्टर दीनानाथांनी गावावरून मंगेशकर हे आडनाव धारण केले. म्हणून आजचे आडनाव धरून थेट दोनशे वर्षे मागे उडी मारणे धोक्याचे ठरते.

तिसरी अडचण अक्षरांची आहे. हिंदी लेखनात ‘ळ’ सहसा वापरला जात नाही. त्यामुळे केळकर हे केलकर आणि काळे हे काले होतात. सप्रे यांनी ज्यांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत आणले, ते टिळक हिंदी वाचकांना तिलक म्हणूनच ठाऊक आहेत. प्रसिद्ध व्यक्तीच्या बाबतीत यामुळे गोंधळ होत नाही. पण एखाद्या अल्पपरिचित घराण्याचे नाव आजोबांच्या मोडी कागदात एक, जमिनीच्या नोंदीत दुसरे आणि नातवाच्या इंग्रजी दाखल्यात तिसरे असू शकते. सर्व संभाव्य रूपे लिहून घेतल्याशिवाय शोध पुढे सरकत नाही.

आयर्लंडमधील ग्रामीण घराण्यांचा अनुभव याच्याशी मिळताजुळता आहे. तेथे इंग्रजी अमलात अनेक गेलिक आडनावांची रूपे बदलली. लोहाराचा पुत्र या अर्थाच्या आडनावाची कॅव्हन परगण्यातील काही घराणी भाषांतराने स्मिथ झाली. १९२२ मध्ये डब्लिनच्या अभिलेखागाराला लागलेल्या आगीत १८२१ ते १८५१ च्या जनगणनांचे बहुतेक कागद नष्ट झाले. त्यामुळे १८४७ ते १८६४ दरम्यान कर आकारणीसाठी झालेली जमीन व घरांची मोजणी, म्हणजे ग्रिफिथ यांची मूल्यांकन सूची, वंशशोधकांचा मोठा आधार ठरली. करासाठी लिहिलेला कागद असा कुळाची साक्ष देतो.

छत्तीसगढमध्ये हेच काम जुन्या जमीन बंदोबस्ताच्या नोंदी करतात. ‘मिसल’ या नावाने ओळखले जाणारे हे कागद जातीच्या दाखल्यासाठीही मागितले जातात. महाराष्ट्रात सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी कागद वाचणाऱ्यांची गरज सर्वांनाच जाणवली.

म्हणून शोधाचा क्रम आजपासून मागे जाणारा असावा. प्रथम घरातील जन्म-मृत्यूचे दाखले, शाळेची नोंद, खरेदीखत आणि लग्नपत्रिका जमवाव्यात. मग जमिनीच्या नोंदी पाहाव्यात. त्यानंतर गोत्र, कुलदैवत आणि नाशिक, त्र्यंबकेश्वर, प्रयाग अथवा गया येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्या तपासाव्यात. आडनाव वेगळे लिहिलेले असले तरी वडील, आजोबा आणि पणजोबांची नावे त्याच क्रमाने जुळली, तर दुवा भक्कम होतो. कुलवृत्तांत छापलेला असल्यास त्याचा उपयोग होतो, पण त्यातील माहितीही मूळ कागदाशी ताडून पाहावी लागते.

या साऱ्यात सर्वांत आधी हरवते ती माणसांची आठवण. सरकारी दप्तर उद्याही उघडता येईल. पण कुलदैवताचे गाव सांगणारी आजी आणि ट्रंकेतील मोडी कागद कोणाचा हे ओळखणारे आजोबा उद्या असतीलच असे नाही. त्यांच्या तोंडून ऐकलेले, सांगणाऱ्याच्या नावासह आणि तारखेसह, आजच लिहून ठेवणे ही वंशशोधाची खरी सुरुवात आहे. आणि ते लिहिताना आडनावातला ‘ळ’ जागेवर ठेवावा.