आमच्या शाळेतली दंडार

शाळेचं स्नेहसंमेलन जवळ आलं, की घरोघरी कशी धांदल उडते ते तुम्हां मैत्रिणींना सांगायला नको. कोणाला परकर हवा, कोणाला पगडी, कोणाला कोळिणीचं लुगडं. मी यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवड्याच्या बाजूला शिक्षिका होते. तेव्हा ही धांदल मी दरवर्षी केली. त्यातली एका वर्षीची चूक आज मोकळेपणी सांगते, कारण तीच चूक अजूनही पुष्कळ शाळांतून होताना दिसते.

त्या वर्षी माझ्या वाट्याला ‘आदिवासी नृत्य’ आलं. मी काय केलं? मुलांच्या कमरेला पळसाचा पाला बांधला, तोंडाला काजळ फासलं, डोक्यात कोंबडीची पिसं खोचली आणि सिनेमातल्या एका गाण्यावर त्यांना उड्या मारायला लावल्या. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही खूष!

दुसऱ्या दिवसापासून चौथीतली एक कोलाम मुलगी शाळेत येईना. चार दिवस वाट पाहिली आणि तिच्या पोडावर गेले. (कोलामांच्या वस्तीला आमच्याकडे पोड म्हणतात.) तिची आई अंगण सारवत होती. ‘बसा बाई’ म्हणाली, पाणी दिलं. मग खाली मान घालूनच म्हणाली, “बाई, आमी लुगडं नेसतो. पाला कवा गुंडाळला आमी? पोरीले सारे हसले.”

मला तोंड वर करवेना. मुलगी दाराआड उभी होती. तिला आपल्या माणसांची लाज वाटावी, याची सोय मीच करून ठेवली होती.

ओसरीवर तिचे आजोबा बसले होते. त्यांना मी विचारलं, “बाबा, तुमच्यात खरं कसं नाचतात?” ते हसले. “आता नाई सांगत. दिवाळीले या.”

दिवाळीला गेले. आमच्या भागातले गोंड आणि कोलाम दिवाळीच्या दिवसांत दंडार करतात. एका गावची मंडळी ढोल घेऊन दुसऱ्या गावी पाहुणी जातात, तिथे नाचतात, जेवतात. सोयरिकीच्या गोष्टीही अशा वेळी निघतात. घुसाडी झालेल्या माणसाच्या डोक्यावर मोरपिसांचा मोठा टोप असतो, अंगाला राख, हातात दंडा. तो वेष म्हणजे सोंग नव्हे. त्यात देव आहे, आणि उतरेपर्यंत नेम पाळावे लागतात. बायकांचा ढेमसा निराळा. एकमेकींना धरून ओळीनं उभं राहायचं आणि ढोलाबरोबर पाऊल टाकायचं. मलाही ओळीत ओढलं. चार पावलांत दोनदा चुकले! ती चौथीतली पोर खदखदून हसली आणि “असं नाई बाई, असं” म्हणत मला शिकवू लागली. त्या दिवशी ती बाई होती, मी विद्यार्थिनी.

सुट्टीनंतर ती शाळेत आली. मग आम्ही वर्गात दंडारीचाच धडा केला. पाहुणे कोणत्या गावाहून आले ते नकाशात शोधलं, झाला भूगोल. ढोलाचे ठोके मोजले, झालं गणित. कोलामी शब्द फळ्यावर लिहिले. घराला ‘एल्ला’ म्हणतात, हे बाकीच्या मुलांना पहिल्यांदाच कळलं. ही बोली मराठीच्या नव्हे, तर तेलुगू-कन्नडच्या कुळातली आहे. पोडावरून पहिलीत आलेलं पोर गप्प का बसतं, याचं उत्तर मला तेव्हा मिळालं. ते मंद नसतं, त्याला आपली भाषाच परकी असते.

महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन जमाती विशेष असुरक्षित म्हणून सरकारदरबारी नोंदलेल्या आहेत. जमीन, आरोग्य, शिक्षण या अडचणी नाचून सुटत नाहीत, हे खरंच. पण ज्या शाळेत आपलं हसं होतं, तिथे मूल टिकणार तरी कसं?

हे काही आपल्याकडेच आहे असं नाही. १९७५ साली लाओसमध्ये राजवट बदलली आणि पुष्कळ कुटुंबं देश सोडून अमेरिकेत, फ्रान्समध्ये गेली. तिथे जन्मलेल्या नातवंडांना घरची माणसं लामवोंग शिकवतात. गोल फेर, संथ पावलं, हातांची नाजूक वळणं. भाषा अडखळली तरी पाऊल आठवतं. आपल्या शेजारी तेलंगणात मार्लवाईच्या कनकराजूंनी तरुणांना घुसाडी शिकवली. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०२४ साली ते गेले, पण त्यांचे शिष्य नाचताहेत.

तर मैत्रिणींनो, तुम्ही आई असा वा शिक्षिका, संमेलनाच्या वेळी एवढं लक्षात ठेवा:

नाच ज्यांचा, त्यांना आधी विचारा. गावातल्या म्हाताऱ्या माणसाला शाळेत बोलवा, मानानं खुर्ची द्या.

कपडे घरचेच असू द्या. आजीचं लुगडं, आजोबांचं धोतर पुरे. भाड्याचा पोशाख नको, खर्चही वाचेल.

जे देवाचं आहे, ते रंगमंचावर आणू नका. घुसाडीचा टोप पुठ्ठ्याचा करून मिरवायचा नसतो. ढेमसा मात्र सगळ्यांना करता येतो, पण तोही विचारूनच.

निवडक आठ मुलं नकोत, सारा वर्ग नाचू द्या.

पुढच्या संमेलनात आमची मुलं ढेमसा नाचली. ढोलावर तेच आजोबा होते. पाऊल थोडं चुकत होतं, टाळ्याही आदल्या वर्षीपेक्षा कमीच पडल्या. पण पोडावरच्या बाया पहिल्यांदाच शाळेच्या अंगणात आल्या होत्या, आणि पुढच्या रांगेत बसल्या होत्या.