मूर्तीखालचे नाव



गळीत हंगाम आटोपला आणि मे महिन्यात घरच्या मंडळींना घेऊन कर्नाटकात जाऊन आलो. होयसळ राजांच्या काळातील बेलूर, हळेबीड आणि सोमनाथपूर येथील देवळे पाहिली. २०२३ साली जागतिक वारसा यादीत गेलेली हीच ती देवळे.

बेलूरचे चेन्नकेशव मंदिर राजा विष्णुवर्धनाने १११७ साली उभारले. दगड शंखजिऱ्याच्या जातीचा. खाणीतून काढताना मऊ, मग हवा लागेल तसा कठीण होत जाणारा. म्हणूनच गळ्यातल्या हाराचा मणी न् मणी सुटा कोरता आला. पूर्वेच्या दाराशी रती-मदन आहेत. मदनाचे धनुष्य उसाचे, हे सांगताच सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, इथंही तुमचा ऊस आहेच का!"

हळेबीड तिथून सोळा-सतरा किलोमीटर. भिंतीच्या तळाशी हत्तींची रांग देवळाला वळसा घालून जाते. सगळा भार जणू त्यांच्याच पाठीवर.

सोमनाथपूर म्हैसूरपासून सुमारे ३५ किलोमीटर. तिसऱ्या नरसिंहाचा सेनापती सोमनाथ याने १२५८ साली हे देऊळ बांधले. तिथे वाटाड्याने मूर्तीच्या पायाशी कोरलेली जुनी कानडी अक्षरे दाखवली. म्हणाला, "हे देवाचे नाव नाही, कारागिराचे. मल्लितम्मा." असे नाव तिथे अनेक मूर्तींखाली आहे. बेलूरलाही दासोज आणि त्याचा मुलगा चावण यांची नावे आहेत. साडेसातशे वर्षे झाली, पण काम कोणाचे हे आजही सांगता येते.

मला मात्र आपली एक गोष्ट आठवली. चार वर्षांपूर्वी मी वाटलेल्या बेण्यातून काही फडांत गवताळ वाढ निघाली. बेणे कोणत्या मळ्यातले, याची नोंद मी ठेवली नव्हती. एक सभासद म्हणाले, "साहेब, नुकसान झालं ते झालं. बेणं कुणाचं होतं, तेवढं तरी सांगा." मला सांगता आले नाही. मान खाली घालून परत आलो.

येत्या आडसाली लागणीपासून बेण्याच्या प्रत्येक पावतीवर मळ्याचा गट नंबर, बेणे देणाऱ्याचे नाव आणि खाली माझी सही राहील. पावती जपून ठेवावी. फड चांगला आला तर बेणेवाल्याचे नाव घ्या. बिघडला तर पावती घेऊन थेट माझ्याकडे या.

— ऊस विकास अधिकारी