फुलपाखराचे पाय मोजलेत कधी?

फुलपाखरांचे फोटो काढायला पहाटे उठायची गरज नाही बरं का! फुलपाखरं स्वतःच उशिरा कामाला लागतात. त्यांचं अंग आपल्यासारखं आतून गरम राहत नाही. उन्हात पंखांचे स्नायू चांगले तापले, की मगच त्यांना नीट उडता येतं. म्हणून बागेत कोवळं ऊन आलं की निघा. पानावर पंख पसरून ऊन खाणारं एखादं फुलपाखरू नक्की सापडेल.

पहिला फोटो कुणाचा काढायचा? माझं ऐकाल तर प्लेन टायगरचा. केशरी पंख, काळी किनार, पुढच्या पंखांच्या टोकाशी पांढरे ठिपके. घाणेरीवर किंवा झेंडूवर तो निवांत मध पीत बसतो. कुणाची भीतीच नाही ना! त्याच्या अळ्या रुईची पानं खातात. रुईच्या चिकातलं विष अळीच्या अंगात साठतं आणि फुलपाखरातही उतरतं. एकदा चव घेतलेला पक्षी सहसा पुन्हा त्याच्या वाटेला जात नाही.

लिंबाच्या, कढीपत्त्याच्या झाडावर अंडी घालणारं लाइम बटरफ्लाय मात्र मध पितानाही पंख फडफडवत राहतं. त्याचा फोटो हटकून हलतो. कॅमेऱ्यात शटरचा वेग 1/1000 सेकंद ठेवा. मोबाइल असेल तर भर उजेडात एकामागून एक भराभर फोटो घ्या.

जवळ जाताना सावकाश जा, आणि तुमची सावली त्याच्यावर पडू देऊ नका. पंख मिटलेले असतील तर अगदी बाजूला, फुलाच्या उंचीला बसा. समोरून काढलात तर डोळे स्पष्ट येतात आणि पंख धूसर, कारण इतक्या जवळून थोडाच भाग स्पष्ट दिसतो.

खरी गंमत घरी आल्यावर! प्लेन टायगरचा फोटो मोठा करा आणि पाय मोजा. चारच दिसतील! कीटकाला तर सहा पाय असतात. मग दोन गेले कुठे? पुढचे दोन पाय इतके आखूड असतात, की ते छातीशी दुमडलेलेच राहतात. लाइम बटरफ्लायचे मात्र सहाही पाय वापरात असतात.

आता मागच्या पंखाच्या मधोमध बघा. तिथे तीन-चार काळे ठिपके असतील तर तो प्लेन टायगर. नसतील तर ती डॅनाइड एगफ्लायची मादी असू शकते. तिच्या अंगात असलं विष नसतं, पण ती हुबेहूब टायगरसारखी दिसते आणि पक्षी फसतात. उडताना ओळखायला अवघड जाणारी ही नक्कल फोटोत पकडता येते. म्हणून प्रत्येक फोटोसोबत तारीख आणि फुलाचं नाव लिहून ठेवा.

आणि एक ऐका. चांगला फोटो मिळावा म्हणून फुलपाखराला चिमटीत धरू नका. बोटाला लागते ती नुसती पूड नव्हे, ते पंखांवर कौलांसारखे रचलेले खवले असतात. एकदा झडले की ते पुन्हा येत नाहीत.