हलत्या काळजाचा फोटो

लहानपणी आमच्याकडे फोटोग्राफर आला की एकच सांगायचा, ‘हलू नका!’ मांडीवरचं बाळ मात्र हमखास हलायचं आणि फोटोत त्याचा चेहरा पुसट यायचा. मागच्या वर्षी आमच्या थोरल्या जाऊबाईंच्या हृदयाचा सीटी स्कॅन ठरला, तेव्हा मला तेच आठवलं. हातपाय आवरता येतील, श्वासही रोखता येईल. पण काळजाला ‘थांब’ कसं म्हणणार?

जाऊबाईंना जिना चढताना धाप लागायची, छाती जड व्हायची. ‘पित्त असेल गं,’ म्हणत त्यांनी सहा महिने काढले. शेवटी मीच हट्टानं डॉक्टरांकडे नेलं.

स्कॅनच्या दिवशी नाडी मोजली तर नव्वद! ‘चहा घेतलात का?’ सिस्टरनं विचारलं. घेतला होता, तोही दोनदा!

मग तिथल्या मुलीनं छान समजावलं. १९७१ साली लंडनमध्ये माणसाचा पहिला सीटी स्कॅन झाला, तो डोक्याचा. डोकं स्थिर ठेवता येतं, हृदय नाही. पण दोन ठोक्यांच्या मध्ये तेही क्षणभर विसावतं. छातीवर लावलेल्या ईसीजीच्या तारांवरून यंत्राला तो क्षण कळतो आणि तेवढ्याच वेळातली माहिती वेचून संगणक चित्र जुळवतो. नाडी ६० असेल तर एका ठोक्याला एक सेकंद मिळतो. ९० झाली की पाऊण सेकंदही नाही. त्यात जास्त कमी होतो तो विसावाच! मग धमनी पुसट दिसते, नाहीतर एकीच्या दोन दिसतात. नसलेला अडथळा भासतो, असलेला लपतो. काही नव्या यंत्रांत धमनी कुठून कुठे सरकली हे ताडून संगणक चित्र सुधारतो. पण फारच धावणाऱ्या हृदयापुढे तोही थकतो.

म्हणून नाडी मंद करायची गोळी देतात. देण्याआधी विचारलं, ‘दमा आहे का?’ जाऊबाई गप्प. चारचौघांत कशाला सांगायचं! मीच म्हटलं, ‘पावसाळ्यात पंप घ्यावा लागतो.’ डॉक्टरांनी लगेच औषध बदललं. त्या गोळीनं दमा उसळू शकतो म्हणे. माझ्या तर अंगावर काटा आला.

तासाभरानं नाडी उतरली, चित्र स्वच्छ आलं. एका धमनीत अडथळा निघाला. वेळेवर उपचार झाले.

मैत्रिणींनो, अशी तपासणी ठरली तर आदल्या रात्रीपासून चहा-कॉफी बंद. श्वास रोखायची घरी सवय करा. दमा, मधुमेह, किडनीचा त्रास, कशाची अॅलर्जी, दिवस गेल्याची शंका, सगळं आधीच सांगा. यंत्र कितीही हुशार असलं तरी आपण दडवलेलं त्याला दिसत नाही.

जाऊबाई आता जिना चढतात. सकाळचा चहा मात्र सुटला नाही!