कॅरमची वही



संध्याकाळी गल्लीतून जाताना 'टक् टक्' असा आवाज तुमच्या कानांवर पडत असेल. दिव्याखाली चार डोकी वाकलेली असतात आणि मध्ये कॅरमचा बोर्ड असतो. बोर्ड संपला की हरलेला खेळाडू काय म्हणतो, ते एकदा लक्ष देऊन ऐका. "आज पावडर जास्त झाली होती." "बोर्ड एका बाजूला उतरता आहे." "राणी त्याला नशिबाने मिळाली." मी स्वतः बरीच वर्षे हेच म्हणत आलो आहे.

पुढे जाण्यापूर्वी एक शब्द समजून घ्या. आपण घरी जिला 'गोटी' म्हणतो, तिला मराठीत 'सोंगटी' म्हणतात. मराठीत गोटी म्हणजे मातीत खेळायची काचेची गोटी. तुम्ही मराठी मित्राला "माझी गोटी गेली" असे सांगितले, तर बिचारा जमिनीवर शोधू लागेल!

९ पांढऱ्या सोंगट्या, ९ काळ्या आणि एक लाल राणी, हे तुम्हांला माहीतच आहे. एका बोर्डात आपल्या वाट्याला पुष्कळ फटके येतात. पण खेळ संपल्यावर आपल्याला त्यांतले दोनच आठवतात. एक, ज्याला सगळ्यांनी "वाह!" म्हटले तो. दुसरा, जो अगदी पॉकेटच्या तोंडाशी जाऊन थांबला तो. बाकीचे चुकलेले फटके आपण विसरून जातो. जे आठवतच नाही, ते सुधारणार कसे? म्हणून आपला खेळ लिहून ठेवायचा.

यासाठी जुनी वही पुरे. पॉकेटना क्रमांक द्या. आपल्या डाव्या हाताजवळचे १, उजव्या हाताजवळचे २, समोरचे उजवे ३ आणि समोरचे डावे ४. प्रत्येक फटक्याला एक ओळ. फटका सरळ होता, कट होता की समोरच्या पट्टीवर आपटून परत आणलेला रिबाउंड होता, सोंगटी कोणत्या पॉकेटात घालायची होती, गेली की नाही, आणि नाही तर कुठे आपटली, एवढेच लिहायचे. खेळताना स्वतः लिहू नका, लक्ष उडते. हे काम धाकट्या भावाला किंवा बहिणीला द्या. त्यांना ते फार आवडते, कारण मोठ्यांच्या चुका मोजायला मिळतात.

माझ्या वर्गात नववीत एक मुलगा होता. तो म्हणायचा, "सर, माझा रिबाउंड कच्चा आहे." रोज तो रिबाउंडचाच सराव करायचा, तरी सामने हरायचा. मी त्याला वही ठेवायला सांगितली. तीन संध्याकाळी मिळून ५८ फटके लिहिले गेले. त्यांतले २७ चुकले होते. रिबाउंड त्यांत फक्त ४ निघाले. १४ कट होते आणि त्यांतले ११ एकाच पॉकेटाकडचे, चौथ्या! मुलगा वहीकडे बघतच राहिला. ज्या आजाराचे औषध तो घेत होता, तो आजार त्याला नव्हताच.

वहीने आणखी एक गोष्ट दाखवली. त्या अकराही वेळा सोंगटी समोरच्या पट्टीवर आपटली होती, डाव्या पट्टीवर एकदाही नाही. म्हणजे ती डावीकडे पुरेशी वळतच नव्हती. असे का व्हावे?

कट मारताना आपण सोंगटीच्या कडेवरचा एक बिंदू धरतो आणि स्ट्रायकरचा मध्य त्या बिंदूकडे सोडतो. चूक इथेच होते. स्ट्रायकर म्हणजे काही सुईचे टोक नव्हे. त्याची त्रिज्या सुमारे २ सेंटीमीटर असते. मध्य त्या बिंदूपर्यंत पोहोचण्याआधीच त्याची कड सोंगटीला लागते आणि सोंगटी जास्त सरळ जाते. आता असे करून पाहा. पॉकेटच्या मध्यापासून सोंगटीच्या मध्यातून एक रेघ मनात काढा आणि ती मागे वाढवा. सोंगटीला मागून चिकटून, त्या रेघेवर दुसरा एक स्ट्रायकर ठेवा. त्याचा मध्य सोंगटीच्या मध्यापासून साधारण साडेतीन सेंटीमीटरवर येईल. ती जागा नीट बघून घ्या, मग तो स्ट्रायकर उचला आणि आपला स्ट्रायकर नेमका त्या रिकाम्या जागी पोहोचेल असा सोडा. पॉकेटचा व्यास ४.४५ सेंटीमीटर असतो आणि सोंगटीचा ३ सेंटीमीटरपेक्षा थोडा जास्त. म्हणजे आपल्याला चुकायला जागा फार थोडी असते.

वहीतून सोंगटी कुठे गेली ते कळते, पण आपला हात काय करत होता ते कळत नाही. त्यासाठी घरातला मोबाइल कामाला येतो. अब्बांना विचारून घ्या, आणि समोरच्या खेळाडूलाही सांगा. फोन बोर्डावर टेकवू नका, प्रत्येक फटक्याला चित्र हलेल. कपाटावर किंवा खिडकीत असा ठेवा, की चारही पॉकेट आणि आपले कोपर दिसेल. हरल्याबरोबर चित्रण पाहू नका. रागात माणूस दुसऱ्याच्याच चुका बघतो. दुसऱ्या दिवशी शांतपणे पाहा आणि प्रत्येक फटक्याच्या आधी चित्र थांबवा. "इथे मी दुसरी कोणती सोंगटी घेऊ शकलो असतो?" हे स्वतःला विचारा. कित्येकदा हात चुकलेला नसतो, निवड चुकलेली असते.

मोठ्या खेळाडूंचे सामनेही असेच थांबवून पाहता येतात. मुंबईचे प्रशांत मोरे २०१६ साली जागतिक विजेते झाले. मुलींनो, हा खेळ फक्त गल्लीतल्या मुलांचा आहे असे समजू नका. चेन्नईच्या एका रिक्षाचालकाची मुलगी खाजिमा हिने २०२४ साली अमेरिकेत झालेल्या विश्वचषकात तीन सुवर्णपदके जिंकली.

आता त्या मुलाकडे परत येऊ. त्याचे आपल्या जिवलग मित्राशी महिनाभर बोलणे बंद होते. एका सामन्यात याची पॉकेटाजवळची सोंगटी आपोआप सरकली होती आणि "तूच सरकवलीस" असा आरोप याने मित्रावर केला होता. त्या सामन्याचे चित्रण नव्हते. वहीनंतर त्याने मोठ्या भावासोबतच्या खेळाचे चित्रण केले आणि ते मला दाखवायला आणले. राणी घेतल्यावर तो कव्हरची सोंगटी फार घाईने मारतो, हे मी त्याला दाखवत होतो. तेवढ्यात तो म्हणाला, "सर, जरा मागे घ्या." मी मागे घेतले. फटका मारून हात परत आणताना त्याच्या कुर्त्याची सैल बाही जवळच्या एका काळ्या सोंगटीला लागली आणि ती बोटभर सरकली. पुढच्या बोर्डात पुन्हा तेच झाले. दोन्ही वेळा त्याला काहीच कळले नव्हते. त्याने फोन बंद केला आणि बराच वेळ काही बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ते दोघे बोर्डाशी समोरासमोर बसलेले दिसले. त्याने दोन्ही बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या होत्या आणि त्याचा मित्र वहीत तारीख लिहीत होता.