अधिवेशन गावात आलं

चैत्र पौर्णिमेला वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर जोतिबाची यात्रा भरते. महाराष्ट्रातून, कर्नाटकातून लाखो माणसे येतात. गावोगावच्या सासनकाठ्या नाचत येतात. पहिला मान सातारा जिल्ह्यातल्या निनाम पाडळीच्या काठीचा. पण गुलाल सगळ्यांच्या अंगावर सारखाच पडतो. इथे यायला इंग्रजी यावं लागत नाही, की खिशात फार पैसा लागत नाही.

राजकीय पक्षांचाही असाच मोठा मेळावा भरतो. त्याला अधिवेशन म्हणतात. देशभरातले प्रतिनिधी तिथे जमतात. प्रतिनिधी म्हणजे आपल्या भागातर्फे बोलायला पाठवलेला माणूस. ते ठराव करतात. शेतीबद्दल, मजुरीबद्दल, शाळेबद्दल पक्षाने काय करायचे, ते ठरावात लिहितात. तो पक्ष सत्तेवर आला, तर त्या ठरावाचा परिणाम आपल्या चुलीपर्यंत पोचतो. मग तिथे कोण जातो, कोण बोलतो, हे आपण पाहायला नको का?

काँग्रेसचे पहिले अधिवेशन १८८५ साली मुंबईत भरले. गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत ७२ प्रतिनिधी जमले. त्यांत वकील होते, संपादक होते, शिकलेली मोठी माणसे होती. कारभार सगळा इंग्रजीत. नांगर धरणाऱ्याला तिथे दार बंद नव्हते, पण दारापर्यंत पोचणार कसा? आणि पोचला, तरी समजणार काय?

पुढे १९२० साली नागपूरला अधिवेशन झाले. तिथे पक्षाची घटना, म्हणजे कारभाराचे नियम, बदलले. सभासदाची वर्गणी वर्षाला चार आणे ठेवली. चार आणे म्हणजे एक पावली! लोकांच्या भाषेप्रमाणे प्रांतांच्या समित्या केल्या. मराठी माणसाला आपल्या समितीत मराठीत बोलता येऊ लागले. कोणत्या प्रांताने किती प्रतिनिधी पाठवायचे, तेही लोकसंख्येवरून ठरले. पैशाची आणि भाषेची अडचण अशी कमी झाली.

राहिली ती वाटेची अडचण. अधिवेशने शहरांतच भरत. गांधीजी म्हणत, ती खेड्यात भरवा. डिसेंबर १९३६ मध्ये ते घडले. खानदेशातल्या फैजपूरला अधिवेशन भरले. खेड्यातले ते पहिलेच. अध्यक्ष होते पंडित जवाहरलाल नेहरू. खिरोद्याचे धनाजी नाना चौधरी आणि साने गुरुजी अशा कितीतरी जणांनी त्यासाठी कष्ट उपसले. बांबू, चटया, लाकूड अशा जवळच्या साहित्यातून टिळकनगर उभे राहिले. त्याची सजावट शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस यांनी केली. आसपासच्या गावांचे लोक लोटले.

आणि ठराव कसला झाला? शेतकऱ्याचा. शेतसारा आणि खंड कमी करा, कर्जाचा बोजा हलका करा, शेतमजुराला पोटापुरती मजुरी द्या, अशा मागण्या त्यात होत्या. अधिवेशन शेताच्या बांधावर आलं, तेव्हा बांधावरचा प्रश्नही मांडवात आला.

पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. हजारो लोक मांडवात बसले, तरी मत देण्याचा हक्क प्रतिनिधींनाच होता. ठरावांचे मसुदे आधी विषय नियामक समितीत ठरत. बाकीचे लोक बघायला आणि ऐकायला. बघायला मिळणे ही पहिली पायरी. बोलायला मिळणे ही दुसरी. आणि आपला प्रतिनिधी आपण निवडणे ही तिसरी. तिसऱ्या पायरीवर पाय पडला, तरच अधिवेशन आपले.

आज अधिवेशन घरबसल्या पडद्यावर दिसते. म्हणजे पहिली पायरी सोपी झाली. दुसरी आणि तिसरी मात्र आजही चढावी लागते. पक्षांतर्गत पदाधिकाऱ्यांच्या निवडणुका ठरावीक मुदतीत व्हाव्यात, अशी तरतूद पक्षाच्या घटनेत असावी, असे निवडणूक आयोगही पक्षाची नोंदणी करताना सांगतो. पण कागदावरचा नियम आपोआप चालत नाही. विचारणारा लागतो.

तेव्हा तुम्ही कोणत्याही पक्षाचे सभासद असा, हे प्रश्न विचारा :

वर्गणीची पावती मिळाली का? यादीत माझे नाव आहे का?
आमच्या तालुक्याचा प्रतिनिधी कोणी निवडला? मतं कधी घेतली?
ठरावाचा कागद आधी मिळेल का? मराठीत मिळेल का?
बायकांसाठी संडासाची, तान्ह्या मुलांसाठी सावलीची सोय आहे का?
ज्याला पायऱ्या चढता येत नाहीत, त्याच्यासाठी उतरता रस्ता आहे का? ज्याला ऐकू येत नाही, त्याला खुणांनी सांगणारा कोणी आहे का?
वाटखर्च नसणाऱ्या मजुराला प्रतिनिधी होता येईल का?

हे विचारायला लाजू नका. तुम्ही आता वाचायला शिकला आहात. पावतीवरचे नाव वाचा. यादी वाचा. ठराव वाचा, आणि मगच हात वर करा. न वाचता वर केलेला हात दुसऱ्याच्या कामी येतो.

यात्रेत आपल्या गावची काठी आपणच उचलतो. कोणी भाड्याने आणून उचलत नाही. अधिवेशनातही आपल्या गावचा आवाज आपणच न्यायला हवा.