खेड्यांत बिऱ्हाड करण्यापूर्वीं

शहरांतील भाडें, गर्दी आणि धूर यांस कंटाळून लहान मुलांसह खेड्यांत जाऊन राहावें, असा विचार अलीकडे पुष्कळ कुटुंबांत चालू असतो. 2020 सालच्या करोनाच्या साथीनंतर तर तो अधिकच बळावला. आमच्या वाचकांपैकीं कित्येकांच्या घरीं हा प्रश्न निघाला असेल. अशा वेळीं वडील मंडळी प्रथम जागेचा दर विचारतात, आणि मुलें तेथें आंब्याचें झाड आहे काय तें विचारतात. दोन्ही प्रश्न योग्यच आहेत. परंतु आपल्या कोल्हापूर जिल्ह्यांत त्यांच्याहि आधीं विचारावयाचा प्रश्न निराळा आहे: येथें पाणी कोठून येतें, किती येतें, आणि तें जातें कोठें?

जिल्ह्याचा नकाशा समोर घ्यावा. पश्चिमेस सह्याद्रीची भिंत उभी आहे, आणि तेथून भूमि पूर्वेकडे उतरत जाते. गगनबावड्यास वर्षाकाठीं सुमारें 5,000 मिलिमीटर पाऊस पडतो. तेथून अवघ्या 55 किलोमीटरांवर असलेल्या कोल्हापुरांत तो 1,000 च्या आसपास भरतो, आणि शिरोळास पोंचेपर्यंत 500 च्या घरांत येतो. मोटारीनें दोन-अडीच तासांत संपणाऱ्या या वाटेवर पावसाचें मान दहापटीनें बदलतें! एका टोकास जें घर सुखाचें, तें दुसऱ्या टोकास तसेंच बांधल्यास दुःखाचें होईल, हें उघडच आहे.

गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी या बाजूची शोभा पाहून कोणाचेंहि मन मोहित व्हावें. पण बहुतेक लोक तेथील जागा पाहतात ती दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुटींत. ज्यांच्या घरीं तान्हें मूल अथवा दम्याचा रोगी आहे, त्यांनीं ती आषाढांत पाहिली पाहिजे. त्या दिवसांत आठ-आठ दिवस ऊन दिसत नाहीं, दुपटीं वाळत नाहींत, भिंती ओल धरतात आणि पेटींतील वस्त्रांवर बुरशी चढते. म्हणूनच तिकडील जुन्या घरांचीं छपरें उभ्या उतारांचीं असतात, आणि पश्चिमेच्या भिंतीस पावसाळ्यापूर्वीं आडोसा करतात. आश्चर्य असें कीं, एवढी वृष्टि होऊनहि डोंगरउतारावरील कित्येक वाड्यांत चैत्र-वैशाखांत पाण्यासाठीं वणवण करावी लागते. उतारावर पडलेलें पाणी उतारावरूनच निघून जातें. तें अडवून ठेवणारें कांहीं नसेल तर पावसाळ्याची समृद्धि उन्हाळ्यांत उपयोगी पडत नाहीं. दाजीपूरच्या रानांतील गवे आणि आजरा-चंदगडकडे येणारे हत्ती पिकांत शिरतात, हीहि गोष्ट तिकडे मळा करणाऱ्यानें ध्यानांत ठेवावी.

आतां पूर्वेकडे वळूं. हातकणंगले व शिरोळ तालुक्यांत नदीकांठची काळी जमीन आहे. आपल्या पूर्वजांनीं गांवाचे दोन भाग मानले होते: पिकाची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. या भेदांत मोठें शहाणपण होतें. काळी माती पावसांत फुगते व उन्हाळ्यांत भेगाळते. तिच्यावर उथळ पायाचें घर बांधलें तर भिंती तडकतात. पाया खालच्या मुरमापर्यंत नेणें भाग पडतें, आणि तो खर्च जागेच्या स्वस्ताईंत दिसत नाहीं. शिवाय उसास वर्षानुवर्षें पाट भरभरून पाणी दिल्यामुळें शिरोळ तालुक्यांतील बरीच जमीन खारवली आहे. जमिनीखालचें पाणी वर चढतें, त्याबरोबर क्षार वर येतात, आणि शेतावर पांढरा थर दिसूं लागतो. जमिनीच्या पोटांत छिद्रांच्या नळ्या घालून तें पाणी बाहेर काढण्याचे यशस्वी प्रयत्न त्याच तालुक्यांत झाले आहेत. पण तें काम शेजारच्या शेतकऱ्यांनीं मिळून करावें लागतें, एकट्याच्या हातचें नव्हे. अशा जागीं घराच्या भिंतींसहि लोणा लागतो.

परंतु सर्वांत कठीण निवड नदीकांठीं करावी लागते, आणि तिचें उदाहरण आपल्या शहराच्या वेशीवरच आहे. कासारी, कुंभी, तुळशी व भोगावती या नद्यांचें पाणी प्रयागाजवळ एकत्र येतें, गुप्त सरस्वती पांचवी मानतात, आणि तेथून पंचगंगा म्हणून पुढें वाहूं लागतें. त्या संगमाशींच चिखली हें गांव आणि जवळच आंबेवाडी आहे. गाळाची जमीन, बारमाही पाणी, दुभत्या म्हशी, आणि हांकेच्या अंतरावर कोल्हापूरची बाजारपेठ: यापेक्षां सोयीची जागा कोणती? पण वरच्या घाटांत चार दिवस पाऊस लागला कीं त्या सर्व नद्या एकाच वेळीं फुगतात. पुढें पंचगंगेचें पात्र सपाट आहे, आणि नृसिंहवाडीस कृष्णाहि भरलेली असली तर ती पंचगंगेचें पाणी लवकर आंत घेत नाहीं. त्यामुळें येथला पूर आला म्हणजे केवळ येऊन जात नाहीं, तर दिवसेंदिवस ठाण मांडून बसतो.

1989 च्या महापुरानंतर सरकारनें चिखली व आंबेवाडी येथील लोकांस सोनतळीच्या उंच माळावर जागा दिल्या. छत्रपति शाहू महाराजांची छावणी असलेली ती हीच सोनतळी. कित्येकांनीं तेथें घरें बांधलीं, तरी गांव मात्र नदीकांठींच राहिलें. पुढें 2005 सालीं पूर आला, 2019 सालीं आला व 2021 सालीं पुन्हां आला. राजाराम बंधाऱ्याजवळ 43 फूट ही धोक्याची पातळी मानतात. शेवटच्या दोन्ही पुरांत पाणी 55 फुटांच्या वर गेलें होतें. 2019 सालीं चिखलींतील माणसांस होड्यांतून बाहेर काढावें लागलें.

शहरांत बसून हें वाचणारा चटकन म्हणेल कीं, या लोकांस आपलें हित समजत नाहीं. मला तसें वाटत नाहीं. शेतकऱ्याचें घर म्हणजे चार खोल्या नव्हेत; त्यांत गोठा, वैरणीची गंजी, खताचा उकिरडा आणि मागचें परडें यांचा समावेश होतो. पहांटे धार काढून दूध डेअरीवर पोंचवावयाचें, आणि दिवसांतून दोनदां शेतावर जावयाचें. ज्याचें घर माळावर व शेत आणि म्हशी नदीकांठीं, त्याचा दिवस जाण्यायेण्यांतच संपतो. पुनर्वसनाचा भूखंड माणसांच्या मापानें मोजला जातो, जनावरांच्या नव्हे. आणि एका पिढीस पुरलेली जागा पुढच्या पिढींतील भावांस पुरत नाहीं. म्हणून उंचावरील सुरक्षितता आणि कांठावरची उपजीविका यांत माणूस ओढला जातो. मात्र जें कुटुंब नव्यानें खेड्यांत जात आहे, ज्याची जमीन अद्याप कोठेंच नाहीं, त्याच्यापुढें ही अडचण नाहीं. त्यानें शेत कांठास घ्यावें, पण उंबरठा उंच भूमीवर ठेवावा, आणि या दोहोंमधील अंतर रोज पायीं चालतां येईल एवढेंच असावें. जलसंपदा विभाग नदीच्या दोन्ही अंगांस पूररेषा आंखतो: निळी रेषा सुमारें 25 वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची, आणि लाल रेषा सुमारें 100 वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची. जागा विकणारा या रेषा आपण होऊन दाखवीलच असें नाहीं. त्या मागून घ्याव्यात.

पिण्याच्या पाण्याविषयीं थोडेंच सांगतों. 2012 सालीं इचलकरंजींत काविळीची मोठी सांथ आली होती. ती दूषित पाण्यामुळें पसरणाऱ्या प्रकारची कावीळ होती. वरच्या अंगास कोणतें गांव आहे, कारखाना आहे कीं नाहीं, आडाजवळ शौचकूप तर नाहीं ना, हें पाहूनच मुलांच्या पाण्याची व्यवस्था ठरवावी. आडाचें पाणी प्रयोगशाळेंत तपासून घेतां येतें.

शाळेविषयीं मात्र पालकांनीं अधिक विचार करावा. शाहू महाराजांनीं 1917 सालीं प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत केलें, त्यामुळें आपल्याकडे गांवोगांव शाळेची परंपरा जुनी आहे. आणि 2009 च्या कायद्याच्या नियमांप्रमाणें प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या व उच्च प्राथमिक तीन किलोमीटरांच्या आंत असावयास हवी. खरी अडचण आठवीनंतर येते. हायस्कूल दूर असतें, एस्. टी. ची गाडी पावसांत चुकते, आणि मग प्रथम मुलीची शाळा सुटते. मूल आज तीन वर्षांचें असलें तरी दहा वर्षांनीं तें कोणत्या रस्त्यानें शाळेस जाईल, याचा हिशेब आजच मांडला पाहिजे. याच कारणास्तव लहान मुलें असतां मळ्यांत एकटें घर बांधण्यापेक्षां गांवठाणांत राहणें मी पसंत करीन. मळ्यावर हवा मोकळी मिळते हें खरें. पण रात्रीं मुलास ताप भरला किंवा साप चावला तर शेजाऱ्याची गाडी लागते, आणि शेजारी ही गोष्ट विकत मिळत नाहीं.

कागदपत्रांपुरतें एवढेंच कीं, 1948 च्या कूळ कायद्याप्रमाणें शेतजमीन घेणारा सामान्यतः स्वतः शेतकरी असावा लागतो. सातबाऱ्यावर किती नांवें आहेत, इतर हक्कांच्या रकान्यांत कर्जाचा बोजा आहे काय, आणि जमिनीपर्यंतचा रस्ता नोंदलेला आहे कीं केवळ शेजाऱ्याच्या मेहेरबानीवर चालू आहे, हें वकिलाकडून पाहून घ्यावें.

आणि शक्य असेल त्यानें जमीन घेण्यापूर्वीं त्याच गांवीं भाड्याच्या घरांत एक पुरें वर्ष काढावें. ज्येष्ठांत जावें आणि पुढचा वैशाख तेथेंच पाहावा. एका वहींत रोजची नोंद ठेवण्याचें काम मुलांकडे द्यावें: गाडी किती दिवस आली नाहीं, आड कोणत्या महिन्यांत तळास गेला, रस्त्यावर पाणी कोठपर्यंत चढलें, शाळेंत मास्तर किती दिवस आले. गांवांतील वृद्ध स्त्रियांस 1989 चें पाणी कोणत्या पायरीपर्यंत आलें होतें तें विचारावें, आणि त्या पायरीवर खडूनें खूण करून ठेवावी.